इकडील सर्व क्षेम

ठाण्यात एके काळी मी जितक्या लोकांना रडवले तितके पटकीच्या साथीनेही रडवले नसेल. घाबरू नका, मी कोणाचा जीव घेत नसे. मी कचेरीत कारकून होतो आणि लोकांना शोकपत्रे लिहून देत असे.

कोणाच्या घरी माणूस गेले की चार दिवसांत सांत्वनाचे पत्र धाडावे लागते. तुम्हीही धाडले असेल, आणि मायना लिहून झाल्यावर बोरू चावत छपराकडे बघत बसला असाल. ठाण्याचे लोक छपराकडे बघत नसत, माझ्याकडे येत. म्हातारा गेला असेल तर मी वटवृक्ष उन्मळून पाडी. कर्ता पुरुष गेला तर भर दुपारी सूर्य मावळवी. लांबच्या नात्यात 'खेद' पुरे, सख्ख्यांसाठी 'शोक', आणि 'दुःखसागर' मी जपून ठेवलेला असे, तो फक्त वरिष्ठांसाठी. आमच्या शिरस्तेदारांची आई नव्वदी ओलांडून गेली. शिरस्तेदार तिला घरात धड जेवू घालत नव्हते हे गावाला ठाऊक होते. मी त्यांना अख्खा सागर दिला. पत्र वाचून त्यांचे डोळे भरून आले आणि मला दोन दिवसांची रजा मिळाली. रजेत मी नाटक पाहिले.

हे सगळे मी हसत सांगतो आहे, कारण मला दुसऱ्या कशा तऱ्हेने सांगता येत नाही. पण याच गोष्टीच्या पुढच्या भागाची आठवण झाली की अजूनही हातातला तांब्या मी असा आपटतो, की बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कल्याण आठवलं वाटतं?"

माझी धाकटी बहीण कल्याणला दिलेली होती. आईवडील आमचे आधीच गेलेले. ठाण्याच्या घरात मी, माझी बायको आणि आत्या. बायको तेव्हा माहेरी गेली होती, म्हणून या गोष्टीत ती नाही, आणि याबद्दल ती मला अजून दोष देते. आत्या मात्र आहे. लग्न आठव्या वर्षी, विधवा नवव्या वर्षी, आणि तेव्हापासून लाल आलवणात. तिच्या सोवळ्याचा धाक असा, की तिची वाळत घातलेली वस्त्रे पाहून कावळेसुद्धा लांबून उडत. तिने एखादी गोष्ट ओवळी म्हटली की भटजी पोथी उघडण्याच्या भानगडीत पडत नसत. तिची ही कीर्ती खाडीपलीकडे कल्याणपर्यंत पोचलेली होती.

एके दिवशी बहिणीच्या सासऱ्यांचे पत्र आले. ते मला पाठ आहे.

"शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. पाठवलेली केळी पोचली, थोडी हिरवी निघाली. सूनबाईची मुलगी दोन दिवस तापाने आजारी होऊन सोमवारी वारली. दात आले नव्हते, सबब सुतक नाही. स्नानाने शुद्धी. आपणही स्नान करावे. यंदा कौले फार फुटली आहेत. कळावे, लोभ असावा."

दात न आलेले मूल गेले तर घराला सुतक नसते. पुरायचे, अंघोळ करायची, कामाला लागायचे. हे शास्त्र आहे आणि मी शास्त्राशी भांडत नाही. मी भांडतो आहे त्या केळ्यांशी. सात महिन्यांची पोर केळी आणि कौले यांच्या मध्ये बसवलेली, आणि वर 'इकडील सर्व क्षेम'! त्या माणसाचा हात क्षणभरही अडखळला नव्हता. अक्षर सरळ, मोत्यासारखे.

आणि मी काय केले? मी स्नान केले. मग बोरू घेतला आणि व्याह्यांना उत्तर लिहिले. सुनेच्या नावाने पत्र लिहायची रीत नाही. पत्र घरच्या कर्त्याला. मी कोमल कळी काढली, काळाचा निष्ठुर वारा सोडला, देवाघरच्या बागेत ती कळी पुन्हा उमलवली. सांगायला लाज वाटते, पण लिहिताना मला मजा आली. भाची होती माझी. बारशाला तिला मांडीवर घेतले तेव्हा तिने माझी मिशी धरून अशी ओढली होती की पाहुणे हसले होते. त्यातले एक अक्षर पत्रात नव्हते. मिशी शोकपत्रात बसत नाही.

पत्र मी आत्याला वाचून दाखवले. ती माळ ओढत होती.

"कोणाला लिहिलंस?"

"व्याह्यांना."

"त्यांचं कोण गेलं?"

मी पत्राची घडी घातली. तिने उरलेली माळ पूर्ण केली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "पत्र टाक हवं तर. पण रविवारी मला कल्याणला ने. पोरीला घेऊन येऊ."

रविवारी आम्ही गेलो. ओटीवर सासरे दोन शेजाऱ्यांबरोबर सुपारी कातरत बसले होते. मला पाहताच उठून उभे राहिले. मुलीबद्दल काही बोलतील म्हणून मी चेहरा तयार केला.

"या, या! अहो, काय लेखणी आहे तुमची!" आणि त्यांनी कोनाड्यातून माझे पत्र काढले. "हे बघा, हेच ते. आमच्या मुलाचे मेहुणे. ऐका आता."

त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. चांगले वाचत होते, मेले! वाऱ्याच्या जागी हात हलवत होते, कळीच्या जागी आवाज मऊ करत होते. शेजारी माना डोलावत होते. घड्या पडून पत्र मऊ झाले होते, म्हणजे हे पहिले वाचन नव्हे हे उघड होते. तेवढ्यात आतल्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवायला माझी बहीण आली. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटला होता. माझ्याकडे तिने पाहिले नाही. तांब्या ठेवला आणि 'देवाघरच्या बागेत' या शब्दांवर ती वळून आत गेली.

उभ्या आयुष्यात मला माझ्या लेखनाची इतकी शिसारी कधी आली नाही.

पाय धुण्याचे निमित्त करून मी परसात गेलो. ती विहिरीवर होती.

"कशी आहेस?" मी विचारले. शब्दांचा एवढा मोठा व्यापारी मी, आणि दुकानात एवढाच माल निघाला.

"बरी आहे, दादा."

"खरं सांग."

तिने घागर कडेवर घेतली. "मला काही होत नाही. रडूसुद्धा येत नाही. एवढंच, की घागर कडेवर घेतली की मी डोलवते. मला कळत नाही मी डोलवते आहे ते. पाणी सांडतं, मग सासूबाई ओरडतात."

"त्यांना कळत नाही का?"

"त्या म्हणतात, पुढच्या खेपेला मुलगा होईल, डोळे पूस. मी म्हटलं, डोळे कोरडेच आहेत. तर म्हणाल्या, मग उत्तमच." तिने घागर सावरली. "ह्यांनी मुंबईहून पत्र पाठवलं मामंजींना. त्यात माझ्याविषयी होतं म्हणे. दादा, मला इथे जागा नाही रे. एका ठिकाणी नुसतं बसून राहायला जागा नाही. बसले की कोणीतरी काम घेऊन येतं. मला ने."

मी तावातावाने ओटीवर आलो. गाडीत येताना भाषण जुळवून ठेवले होते, ते सुरू केले. मातृहृदय, करुणा, व्याहीधर्म. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सुपारी तोंडात टाकली.

"ते सगळं खरं. पण न्यायचं ते कशासाठी? सुतक नाही, म्हणजे दुखवटा नाही. दुखवटाच नाही तर माहेरी नेण्याचं प्रयोजन काय? लोक विचारतील."

"ती दुःखी आहे, हेच प्रयोजन."

"दुःख होणारच हो. आम्हाला काय झालं नाही? हे तुमचं पत्र मी रोज वाचतो. पण येत्या गुरुवारी आमच्या वडिलांचं श्राद्ध आहे. दहा पानं आहेत. हिचा गुडघा धरलाय," इथे त्यांनी बायकोच्या दिशेने मान हलवली, "सोवळ्याचा स्वयंपाक सूनबाईशिवाय कोण करणार?"

एक शेजारी म्हणाला, "बरोबर आहे." मला त्या शेजाऱ्याचे तोंड अजून आठवते. पुढे तो नगरपालिकेवर निवडून आला.

मी शब्द शोधत होतो. सापडत होते, आणि एकेक करून फुकट जात होते. विनवणी केली, मग आवाज चढवला, मग पुन्हा विनवणी. तेवढ्यात आत्या माजघरातून बाहेर आली आणि थेट ओटीच्या उंबऱ्यात उभी राहिली. ती पुरुषांच्या बैठकीत कधी येत नसे. सगळे सावरून बसले.

"श्राद्ध गुरुवारी ना?" तिने विचारले.

"होय."

"आणि पोरीला सोवळ्यात घेणार?"

"अर्थात."

"तिच्या अंगावर दूध आहे अजून. थांबलेलं नाही. चोळ्या भिजतात."

ओटीवर असा शब्द त्या घराने कधी ऐकला नसेल. एक शेजारी अडकित्त्याकडे पाहू लागला, दुसरा आढ्याकडे. सासऱ्यांचे कान लाल झाले. दाराआड सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या.

आत्या खालच्या पट्टीत, भटजी सांगतात तशी, सांगू लागली. "ज्या दुधाला प्यायला जिवंत लेकरू नाही, ते दूध गेलेल्या लेकराचं. ते लेकरू मागे मागे फिरत असतं त्या वासावर. श्राद्धाच्या स्वयंपाकात एक थेंब पडला, तर पिंड घ्यायला आधी कोण येईल? तुमचे वडील की ती पोर? तुमच्याकडे चालत असेल. आमच्यात पाप मानतात. मी सांगायचं काम केलं."

एवढे बोलून तिने माळ काढली आणि ओढू लागली.

 सासऱ्यांनी तोंडातली सुपारी न चावता तशीच धरली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभे आहे ते मला स्पष्ट दिसत होते: पाटावर बसायला निघालेले त्यांचे वडील, आणि त्यांच्या आधी रांगत पोचलेली सात महिन्यांची मुलगी. शेवटी ते म्हणाले, "हे... हे आधी कोणी बोललं नाही."

"आधी कोणी विचारलं नाही," आत्या म्हणाली.

दीड तासात बहिणीचे बोचके बांधून झाले. सासूबाईंनी स्वतः बांधले, घाईघाईने. संतापाची गोष्ट ही, वाचकहो. पोरीचे काळीज फाटले आहे म्हणून तिला चार दिवस सोडायला जे तयार नव्हते, ते ती विटाळाची आहे म्हणताच तिला दारापर्यंत पोचवायला आले. मला तिथेच आरडाओरडा करावासा वाटत होता. आत्याने माझे मनगट असे पकडले होते की मला तिच्या हाडांचा आकार कळला.

परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. मुंब्र्याच्या डोंगराला वळसा पडला, खाडी दिसू लागली, तेव्हा बहिणीने प्रथम तोंड उघडले.

"आत्या, हे कुठल्या पोथीत आहे?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रचलं. याचं भाषण चाललं होतं, तेव्हा उंबऱ्याआड उभ्या उभ्या रचलं."

मी हसायला लागलो, टाळ्या वाजवल्या. आत्याला मी आयुष्यात कधी खोटे बोलताना पाहिले नव्हते. ती मात्र हसली नाही. तिचा चेहरा संतापाने आणखी काळा पडला होता.

"हसू नकोस. पन्नास वर्षं मी त्यांचे सगळे नियम पाळले. त्यांनी माझा एक पाळला तर कुठे बिघडलं?" ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "नवरा गेला तेव्हा मी एवढीशी. त्याला दोनदा पाहिलेलं. बायका जमल्या आणि म्हणाल्या, रड. मला रडूच येईना. अंगणात मैत्रिणी खेळत होत्या, माझं लक्ष तिकडे. तर सासूने दंडाला चिमटे काढले, काळेनिळे होईतो. मग रडले. सगळ्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, पोरीला दुःख झालंय हो." तिने बहिणीकडे वळून पाहिले. "मला दुःख नव्हतं तेव्हा रड म्हणाले, तुला आहे तर रडू नको म्हणतात. यांना रडणं नको असतं आणि हसणंही नको असतं. यांना फक्त आपण सांगितलेलं झालं पाहिजे."

माझ्या बहिणीने तिच्या मांडीवर डोके ठेवले. आत्याचे सोवळे! रेल्वेच्या डब्यात, परगावच्या प्रवासात, दूध पाझरणाऱ्या मुलीने तिला शिवले, आणि आत्याने आपले आलवण तिच्या डोक्यावर ओढून घेतले. कळवा येईपर्यंत मला आलवणाखालून आवाज ऐकू येत होता. त्याला कोणता शब्द म्हणायचा ते मला ठरवता आले नाही. मी तोपर्यंत 'आक्रोश' हा शब्द शेकडो वेळा लिहिला होता. मी लिहीत असे तसा तो नसतो. तो बराचसा उचकीसारखा असतो, आणि त्यात मधे मधे नाक ओढावे लागते.

घरी आल्यावर ती मागच्या पडवीत बसे. नुसती बसे. आत्या तिला काम सांगत नसे आणि मी विचारपूस करत नसे, कारण मला सक्त ताकीद होती. माझ्याकडे पत्रे लिहून घ्यायला लोक येत, त्यांना मी पडशाची सबब सांगून परत पाठवी.

तीन आठवड्यांनी कल्याणहून पोस्टाचे कार्ड आले. उघडे कार्ड. पाकिटाचीही भीड त्या गृहस्थांना वाटली नाही. "श्राद्ध यथासांग पार पडले. सूनबाईचे दूध थांबले असल्यास त्वरित पाठवून द्यावे. खोळंबा होतो." पोस्टमनने ते वाचलेले होते. माझ्या हातात देताना त्याने काळजीने विचारले, "मग, थांबलं का हो?"

मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत हाकलत नेले. परत येऊन बोरू घेतला आणि व्याह्यांना चार पाने लिहिली. माझ्या कारकिर्दीतले ते सर्वोत्तम लिखाण होते. त्यात राक्षस होते, पाषाण होता, कसायाची सुरी होती. बहीण पडवीतून उठून आली, माझ्या खांद्यावरून वाचू लागली. तिला अक्षरओळख मीच करून दिली होती, पाटीवर, लपूनछपून.

"छान आहे," ती म्हणाली. "फाड."

"का?"

"हेही ते ओटीवर वाचून दाखवतील."

तिने माझ्या हातातून बोरू घेतला, एक कोरे कार्ड पुढे ओढले आणि लिहिले, "तीर्थस्वरूप मामंजींचे चरणी साष्टांग नमस्कार. अजून थांबले नाही." खाली स्वतःचे नाव. सुनेने सासऱ्याला, स्वतःच्या हाताने, उघड्या कार्डावर! मी आत्याकडे पाहिले. दूध केव्हाच आटलेले होते, ते आत्याला ठाऊक होते.

"अक्षर वाकडं आहे," आत्या म्हणाली. "टाक पोस्टात."

महिन्याने पुन्हा तसेच कार्ड आले, आणि तेच उत्तर गेले. दिवाळी उलटल्यावर तिसरे आले. या वेळी बहिणीने बराच वेळ घेतला. लिहून झाल्यावर तिने कार्ड मला वाचायला दिले. मायना झाल्यावर एवढेच होते:

"मुलीला खालचा एक दात आला होता. शनिवारी आला. मी बोट लावून पाहिला होता. रविवारी तिला ताप भरला. मला कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही. गुरुवारी दुपारच्या गाडीने येते."

मी ते दोनदा वाचले आणि मला बसावे लागले. दात आला होता म्हणजे घराला सुतक होते. ते सुतकात जेवले, सुतकात देवपूजा केली. एवढे शास्त्र, एवढी मोत्यासारखी अक्षरे, आणि मेलेल्या पोरीच्या तोंडात बोट घालून बघणे कोणाला सुचले नव्हते. तिच्या आईला विचारणे तर लांबच राहिले. मला आनंदाने नाचावेसे वाटत होते आणि काहीतरी फोडावेसे वाटत होते. मी तांब्या आपटला. तोच हा, पोचा पडलेला.

उत्तर आले नाही. पुढे कळले, की कार्ड पोचल्या दिवशी त्या घरात सगळ्यांनी स्नाने केली, जानवी बदलली आणि प्रायश्चित्तासाठी शास्त्रीबुवांना बोलावले.

गुरुवारी मी तिला पोचवायला गेलो. नको जाऊस म्हणून आदल्या दिवशी मी तिला विनवले होते. ती म्हणाली, "आता जाते. सांगायचं होतं ते सांगून झालं." सासूबाई दारात पायावर घालायला पाणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाणी घातले, इकडेतिकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "खालचा? कुठल्या बाजूचा गं?"

"मधला. डावीकडचा," बहीण म्हणाली. "टोचत होता. पितानासुद्धा."

सासूबाईंच्या हातातला तांब्या कलंडला होता आणि पाणी त्यांच्याच पायावर पडत होते. त्यांनी तो सरळ केला नाही. मग दोघी आत गेल्या.

मी ओटीवर सासऱ्यांसमोर बसलो. ते बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत राहिले. आता तरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. अखेर ते खाकरले.

"ते शेवटचं कार्ड," ते म्हणाले. "मसुदा तुमचाच असणार. पण तुमची नेहमीची लेखणी दिसली नाही हो त्यात. एकही उपमा नाही."

"नाही," मी म्हणालो. "तेवढं मला येत नाही."

आणि चहाची वाट न पाहता पगडी उचलून मी स्टेशनाकडे निघालो.